कॅसेट एक, दाम नव्वद डॉलर

पेठेतला पाहुणा

परवा माळा आवरताना एक जुनी व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट सापडली. वाकडी आहे. टेबलावर ठेवली की तीन पायांच्या पाटासारखी डुगडुगते. बायको म्हणाली, भंगारात टाक. मी म्हटलं, बाई गं, ही मिळवायला मी सत्तावीस तास राबलोय, टाकायची नाही. तिला किस्सा सांगितला, ती हसून आत गेली. म्हणून आता तुमच्यापुढे.

साल १९८६. मिशिगनमधल्या एका कॉलेजगावात एमएस करत होतो. आम्ही चौघे देशी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. वर्गणी काढून एक जुना व्हीसीआर घेतला होता. कोपऱ्यावर व्हिडिओचं दुकान होतं. सभासद व्हायला क्रेडिट कार्ड लागायचं, ते आमच्यातल्या एकाकडेही नव्हतं, म्हणून ५० डॉलर अनामत ठेवली. भाडं रात्रीचे अडीच डॉलर. रिवाइंड न करता परत केली तर वर १ डॉलर दंड. शुक्रवारी रात्री तीन सिनेमे आणायचे, शनिवारी दुपारच्या आत बघून परत करायचे, असा नेम.

त्या शनिवारी परत करायला म्हणून मी एक कॅसेट मित्राच्या गाडीत मागच्या काचेखाली ठेवली आणि वाटेत लायब्ररीतल्या कामावर उतरलो. गाडी चार तास उन्हात उभी. सप्टेंबर सुरू झाला होता, पण ऊन मे महिन्याचं. येऊन बघतो तर कॅसेटचा पापड. मधोमध खोलगट, एक कोपरा वर उचललेला.

दुकानदार म्हातारा होता, सभ्य होता. रागावला नाही. काउंटरखालून एक जाडजूड वही काढली, रकान्यावरून बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, एटी-नाइन नाइन्टी-फाइव्ह. मला वाटलं, थट्टा करतोय. नव्हता करत. अनामतीचे ५० गेले आणि वर ४० चा चेक फाडला. लायब्ररीत मला ताशी ३ डॉलर ३५ सेंट मिळायचे, तेव्हाचा किमान दर. करा भागाकार. डॉलर साडेबारा रुपयांच्या घरात होता, म्हणजे अकराशे रुपये झाले. वडिलांना पत्रात हे कळवलं नाही, अजूनही कळवलेलं नाही.

चेक घेतल्यावर त्याने ती वाकडी कॅसेट पिशवीत घालून माझ्या हातात दिली. म्हणे, पैसे भरलेस, आता ही तुझीच.

तर प्रश्न असा. तेवढ्याच लांबीची कोरी कॅसेट त्याच रस्त्यावर पाच-सहा डॉलरला मिळायची. त्यात सिनेमा भरला की नव्वद? एवढा कुठला मालमसाला भरत होते? चाळीस वर्षं डोक्यात आहे. कोणी या धंद्यातलं असेल तर सांगा.

तारा न्यूजर्सी

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर लिहीन. आधी सांगा, सिनेमा कुठला होता?

पेठेतला पाहुणा

ते नाही सांगणार.

गणिताची वही

यात कोडं कसलं? नवीन वस्तू महागच असते. आपल्याकडे मोबाइल आले तेव्हा आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे, लोक नंबर बघून कट करायचे. मग खप वाढतो, किंमत उतरते. व्हिडिओचंही तेच. सुरुवातीला यंत्रं थोडी, गिऱ्हाइकं थोडी, खर्च जास्त.

सांगलीचा भडंग

"वडिलांना अजूनही कळवलेलं नाही" हसून हसून पुरेवाट =)) =))

फीतकृमी

मी धंद्यातलाच. अंधेरीला कॅसेट भरायच्या एका कारखान्यात ऐंशीच्या दशकाअखेरीस आठ वर्षं होतो. आयडी का घेतला ते कळलं असेलच.

वहीसाहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आधी तो अर्धा भाग सांगतो.

गाण्याची कॅसेट भरायला सोपी, चौपट-आठपट वेगाने पळवून भरता येते. व्हिडिओचं तसं नव्हतं. दोन तासांचा सिनेमा भरायला पूर्ण दोन तास लागायचे. मधे एक मास्टर मशीन आणि भिंतभर मांडण्यांवर व्हीसीआर. त्यांना आम्ही स्लेव्ह म्हणायचो. सगळ्यांत कोऱ्या कॅसेटी घालायच्या, एकदम रेकॉर्ड सुरू करायचं आणि दोन तास पहारा. मधे वीज गेली की अख्खा घाणा बाद. दर पाळीला चार मुलं फक्त कॅसेटी घालायला आणि काढायला. अमेरिकेत अशाच खोल्या होत्या, फक्त मशीनं शेकड्या-हजारांनी. फीत फितीला चिकटवून झपाट्याने छापणारी सोनीची यंत्रं पुढे आली, पण बराच काळ हेच चाललं.

शिवाय फीत. अर्धा इंच रुंद. अमेरिकन व्हीएचएसमध्ये ती सेकंदाला ३.३३५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे दोन तासांना २४० मीटर. त्या २४० मीटरवर कुठेही लेप उडालेला चालत नाही, लगेच पडद्यावर पांढरी रेघ मारते. सुरुवातीच्या काळात चांगली फीत खरंच महाग होती. १९७५ ला सोनीचं बेटामॅक्स हे व्हिडिओ मशीन आलं तेव्हा एका कॅसेटमध्ये एकच तास मावायचा आणि कोरी कॅसेट १५ डॉलरच्या आसपास पडायची. म्हणजे एका सिनेमाला दोन कॅसेटी. ३० डॉलर तर नुसत्या फितीचे झाले.

पण पाहुणे म्हणताहेत ती गोष्ट १९८६ ची आहे. तोवर कोरी कॅसेट पाचावर आली होती. मग सिनेमाची कॅसेट ५० वरून ९० वर कशी चढली? माल स्वस्त होत गेला आणि किंमत वाढत गेली. नवीन वस्तू महाग, या नियमात हे बसत नाही.

गणिताची वही

५० कुठून आणलेत?

फीतकृमी

सांगतो, आणि पाहुण्यांना हे आवडेल. हा सगळा उद्योग सुरू झाला तो मिशिगनमध्येच, डेट्रॉइटजवळच्या फार्मिंग्टन हिल्समध्ये. आंद्रे ब्ले नावाच्या गृहस्थाची मॅग्नेटिक व्हिडिओ ही कॅसेटी भरून देणारी कंपनी होती. त्याने हॉलिवूडच्या स्टुडिओंना पत्रं पाठवली, तुमचे सिनेमे कॅसेटवर विकू द्या. बाकीच्यांनी दाद दिली नाही, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स तयार झाली. १९७७ साली ५० सिनेमांचे हक्क दिले. आगाऊ ३ लाख डॉलर, शिवाय दर कॅसेटमागे साडेसात डॉलर. ब्लेने कॅसेट ४९ डॉलर ९५ सेंटला काढली, दोन कॅसेटींचे सिनेमे त्याहून महाग. १० डॉलर वर्गणीचा एक क्लब काढला, टीव्ही गाइड साप्ताहिकात जाहिरात दिली, पत्रांचा पाऊस पडला. दोनच वर्षांत फॉक्सने त्याची कंपनीच विकत घेतली.

आता ती ४९.९५ ची किंमत बघा. साडेसात स्टुडिओला, मग फीत, भराई, खोका, टपाल, दुकानाचा वाटा. तिथे मी वहीसाहेबांच्या बाजूने. १९७७ ची किंमत बरीचशी खर्चाची होती.

कोकणकडा

पण तेव्हा ५० डॉलर म्हणजे तरी काय कमी झाले का! थेटरचं तिकीट सव्वादोन डॉलरच्या आसपास होतं. एका कॅसेटच्या पैशात बावीस वेळा सिनेमा बघून झाला असता.

तारा न्यूजर्सी

आणि मशीन वेगळं. व्हीएचएस अमेरिकेत १९७७ ला आलं ते हजार डॉलरला. आमच्या दिरांनी बरंच नंतर घेतलं, तरी सासूबाईंनी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि दसऱ्याला त्याला फूल वाहिलं होतं.

आता आमच्या आठवणी. आम्ही १९८३ ला आलो. इंग्रजी सिनेमाची कॅसेट *विकत घेणं* हा विचारच कुणाच्या मनाला शिवत नसे. हिंदी सिनेमे न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सच्या वाण्याकडे. डाळ, हिंग, लोणचं आणि काउंटरमागे भिंतभर कॅसेटी, पाठीवर मार्करने लिहिलेली नावं. कॉपीची कॉपी आणि तिची कॉपी. चेहरे लालसर, आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि ऐन रडारडीत खालून कुठल्यातरी दुकानाची जाहिरात सरकत जायची. अशा कॅसेटीचं भाडं डॉलर-दीड डॉलर. अनामत वगैरे काही नाही, वाण्याला आमच्या घरचा पत्ता, नवऱ्याची नोकरी, सगळं पाठ. हरवली असती तर त्याने दुसरी भरून ठेवली असती आणि फार तर "वहिनी, जरा जपून" म्हणाला असता.

म्हणजे एकाच वस्तूला एका दुकानात नव्वद डॉलर आणि दुसऱ्या दुकानात जरा जपून.

सांगलीचा भडंग

ताई, आमच्या सांगलीत कॅसेटीला किंमत असते हेच मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. भाडं माहीत होतं. व्हीसीआर रात्रीच्या भाड्यावर यायचा. वाड्यातली सात बिऱ्हाडं वर्गणी काढायची. रिक्षातून यायचा, गोधडीत गुंडाळलेला, बाळंतिणीला आणावं तसा. सोबत दुकानातला एक पोऱ्या. त्याला मशीनला दुसऱ्या कुणी हात लावू द्यायचा नाही अशी सक्त ताकीद. तो तिथेच जेवायचा, तिथेच मशीनशेजारी झोपायचा. भाडं रात्रीचं, म्हणून एका रात्रीत चार सिनेमे. पहिला सगळे बघायचे, दुसऱ्याला पोरं लुडकायची, तिसऱ्याला बाया. चौथा पहाटे सुरू व्हायचा, तो फक्त आमची आजी बघायची आणि सकाळी सगळ्यांना चारही गोष्टी एकत्र करून सांगायची.

पडद्यावर मुंग्या आल्या की तो पोऱ्या झाकण उघडून खिशातली कोरी करकरीत नोट फीत वाचणाऱ्या हेडवर धरून फिरवायचा. मुंग्या जायच्या. आम्हाला वाटायचं, पैसे दाखवल्याशिवाय मशीन चालत नाही.

फीतकृमी

नोटेने हेड घासणाऱ्याला आमच्या कारखान्यात फटके दिले असते. बाकी वर्णन झकास.

खोचक वकील

सकाळपासून वाचतोय, आता राहवत नाही. फीतकृमींनी कोडं नेमकं मांडलंय: माल स्वस्त झाला तरी किंमत का चढली. उत्तर कारखान्यात सापडणार नाही, कायद्यात आहे.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १०९ आहे. त्याला तिकडे फर्स्ट सेल म्हणतात. सोप्या भाषेत: तू मला पुस्तकाची प्रत विकलीस, तिथे त्या प्रतीवरचा तुझा हक्क संपला. छापायचा हक्क तुझा, पण ही प्रत मी वाचीन, विकीन, नाहीतर दहा जणांना भाड्याने देईन. कॅसेटलाही तेच लागू.

लॉस एंजेलिसला जॉर्ज ॲटकिन्सन नावाचा माणूस होता, आधी घरी दाखवायच्या सुपर-८ फिल्मा भाड्याने द्यायचा. ब्लेच्या त्या ५० सिनेमांची बातमी आली तशी १९७७ च्या डिसेंबरात याने पेपरात जाहिरात दिली: व्हिडिओ भाड्याने मिळेल. विल्शायर बुलेव्हार्डवर छोटं दुकान. वर्षाची वर्गणी ५० डॉलर, तहहयात १००, आणि भाडं दिवसाला १० डॉलर. आता वहीसाहेब, तुमच्याच खात्यातलं. कॅसेट ५० ला घेतली, भाडं १०. किती फेऱ्यांत वसूल?

गणिताची वही

पाच. सहाव्यापासून निव्वळ नफा. हं.

खोचक वकील

"हं" हेच हॉलिवूडच्या तोंडून निघालं. आपला सिनेमा, आपले नट, आणि सहाव्या फेरीपासून एक पैसा आपल्याला नाही. कोर्टात जावं तर कायदा दुकानदाराच्या बाजूने. त्यांनी खटपट कमी केली नाही. डिस्नेने १९८० ला दोन रंगांचे खोके काढले, भाड्याच्या कॅसेटीला निळा आणि विक्रीच्या कॅसेटीला पांढरा. वॉर्नरने १९८१ ला ठरवलं की दुकानदाराला कॅसेट विकायचीच नाही, ठरावीक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची. दुकानदारांनी असा कल्ला केला की योजना गुंडाळावी लागली. मग संसदेत गेले, व्हिडिओपुरतं कलम १०९ बदला म्हणून. गंमत बघा, १९८४ ला गाण्यांच्या तबकड्या आणि कॅसेटींपुरता तो बदल झाला, त्या भाड्याने द्यायला मालकाची परवानगी लागू लागली. व्हिडिओपुरता झाला नाही. तोवर देशभर हजारो दुकानं उघडली होती आणि प्रत्येक खासदाराच्या गावात एक होतं.

राहिला एकच मार्ग. भाड्यातला वाटा मिळत नाही ना? मग पहिल्याच विक्रीत सगळं वसूल करा. पाहुणे, तुमच्या म्हाताऱ्याच्या वहीतली ती ८९.९५ ही किंमत तुमच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती दुकानदारासाठी होती. पुढच्या शंभर रात्रींच्या भाड्यातला आपला हिस्सा स्टुडिओने आधीच कापून घेतलेला. तुम्ही २४० मीटर फीत आणि त्यावर शंभर अनोळखी कुटुंबांच्या शुक्रवार रात्रींची पट्टी भरलीत.

पेठेतला पाहुणा

वकीलसाहेब, नमस्कार घ्या. शंभर कुटुंबांचं भाडं मी एकट्याने भरलं हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते ठरवतोय.

फीतकृमी

वाईटच वाटू द्या, अजून भर घालतो. ८९.९५ ही छापील किंमत. दुकानदाराला कॅसेट साधारण साठ-पासष्ट टक्क्यांत पडायची. म्हणजे ५५-५७ डॉलर. तुमच्या सभ्य म्हाताऱ्याने तुमच्याकडून छापील घेतली.

पेठेतला पाहुणा

!!!

गणिताची वही

म्हणजे अडीच डॉलरने त्याला २३ फेऱ्या लागणार होत्या, फक्त भांडवल सुटायला. तुम्ही एका फेरीत सोडवलंत आणि वर ३३ डॉलर नफा. त्याने तुम्हाला चहा तरी पाजायला हवा होता.

माझं आधीचं विधान मागे घेतो. ७७ पुरतं ठेवतो, ८६ चं मागे.

तारा न्यूजर्सी

सिनेमा कुठला होता हे अजून सांगितलेलं नाही याची नोंद घ्यावी.

कोकणकडा

एक शंका. किंमत एवढी लावून घरगुती गिऱ्हाईक गमावलंच ना त्यांनी? शंभर घरांना पंधरा-वीस डॉलरला विकली असती तर?

मावशीबाई

याला मी उत्तर देते, कारण मी ते गिऱ्हाईक आहे.

आम्ही ह्यूस्टनला होतो. १९८२ ला जेन फोंडाची व्यायामाची कॅसेट निघाली. किंमत ५९ डॉलर ९५. मी विकत घेतली. होय, विकत! घरात तीन दिवस अबोला. यांचं म्हणणं, भाड्याने आणायची, बघायची, परत करायची. मी म्हटलं, अहो, व्यायाम काय एकदा बघून परत करायचा असतो का? रोज करायचा तर रोज अडीच डॉलर भरू? चोवीस दिवसांत तेवढेच होतात. ते गप्प बसले. मग मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून दिवाणखान्यात सुरू. शेजारच्या दोन तमिळ बायकाही यायच्या. त्या कॅसेटीने मला जेवढं खाली-वर केलं तेवढं संसारानेही नाही केलं.

सांगायचं म्हणजे, ज्या गोष्टी लोक पुन्हा पुन्हा बघतात त्या साठ डॉलरलाही विकत घेतल्या गेल्या. व्यायाम आणि पोरांचे सिनेमे. माझ्या धाकट्याने डिस्नेचं एक चित्र इतक्या वेळा लावलं की फीत पारदर्शक व्हायची वेळ आली होती.

फीतकृमी

मावशी, तुम्ही स्टुडिओवाल्यांच्या आधी शहाण्या झालात. फोंडाबाईंची ती कॅसेट दहा लाखांवर खपली आणि मगच हॉलिवूडच्या लक्षात आलं की घरात कॅसेट *ठेवणारे* लोकही असतात.

त्याच साली पॅरामाउंटने स्टार ट्रेकचा दुसरा सिनेमा ८० ऐवजी ३९.९५ ला काढून बघितला. चालला. डिस्नेने १९८५ ला पिनोकिओ आधी ७९.९५ ला आणला आणि नाताळच्या तोंडावर २९.९५ वर उतरवला. १९८७ ला टॉप गन २६.९५ ला आला. त्यात सिनेमाच्या आधी एका कोल्ड्रिंकची जाहिरात होती, थोडा भार तिने उचलला. पुढच्या वर्षी ई.टी. २४.९५ ला. त्या कॅसेटचं पुढचं झाकण आणि आतल्या चकत्या हिरव्या होत्या, मुद्दाम. काळं झाकण दिसलं की माल नकली. आमच्या कारखान्यात मालकाने एक आणून सगळ्यांना दाखवली होती. आम्ही ती हातात फिरवून फिरवून बघितली. एक जण म्हणाला, शेठ, हिरवं प्लास्टिक भिवंडीला मिळेल. शेठने त्याला बाहेर काढलं.

पण म्हणून सगळे सिनेमे स्वस्त झाले नाहीत. प्रत्येक सिनेमाचा वेगळा हिशेब. लोक घरी ठेवतील असं वाटलं तर पंचवीसला, एकदा बघून विसरतील असं वाटलं तर नव्वदला. नव्वदवाल्याची किंमत सहा महिन्यांनी-वर्षाने वीस-तीसवर यायची. पाहुण्यांनी ती कॅसेट वर्षभराने वितळवली असती तर बरंच स्वस्तात सुटले असते.

खोचक वकील

म्हणजे पाहुण्यांचा सिनेमा एकदा बघून विसरण्यातला होता. पुरावा नोंदवून घेतला.

सांगलीचा भडंग

वकीलसाहेब, आपल्याकडे काय कायदा होता? आमच्या सांगलीतल्या लायब्रऱ्या सगळ्या कायदेशीर असतील असं वाटत नाही.

खोचक वकील

सांगलीबद्दल मौन पाळतो.

कायदा होता. १९८४ ला आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्म स्पष्टपणे आणली. कॅसेटवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि लागू असेल तिथे सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवायचं, शिक्षाही वाढवली. तुमच्या पोऱ्याच्या कॅसेटीवर मार्करने काय लिहिलं असेल ते तुम्हीच आठवा. आणि १९९४ च्या दुरुस्तीत तर आपण अमेरिकेच्या बरोबर उलटं लिहून ठेवलं: सिनेमाची प्रत आधी विकलेली असो वा भाड्याने दिलेली असो, ती भाड्याने देण्याचा हक्क मालकाचाच. अमेरिकेत कायदा दुकानदाराच्या बाजूने होता आणि दुकानदार नव्वद मोजत होता. इथे कायदा निर्मात्याच्या बाजूने होता आणि निर्मात्याच्या हाती भोपळा.

कोकणकडा

अवांतर: मीही दोन व्हीसीआर जोडून कॉपी करायचा उद्योग केला होता, दुबईहून मामाने आणलेल्या अस्सल इंग्रजी कॅसेटची. चित्र दर पाच सेकंदांनी उजळायचं, मग काळवंडायचं. देवळातल्या समईसारखं. टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावला, त्याचे पैसे गेले ते वेगळेच.

फीतकृमी

टीव्ही ठणठणीत होता. ते मॅक्रोव्हिजन, कॉपी रोखायची युक्ती. १९८५ च्या सुमारास आलं. चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या रेघांत खोटे झटके भरून ठेवायचे. टीव्ही तिकडे बघत नाही, पण रेकॉर्ड करणारा व्हीसीआर त्यावरून उजेडाचा अंदाज घेतो आणि गोंधळतो. नव्वद डॉलरच्या वस्तूला कुलूप लावणारच ना कोणीतरी.

गणिताची वही

मग हे नव्वदचं प्रकरण संपलं कधी?

खोचक वकील

भांडण ज्यावरून होतं तेच मिटल्यावर. १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टर या दुकानांच्या साखळीने स्टुडिओंशी करार केले: कॅसेट ६५ ऐवजी सहा-सात डॉलरला द्या, भाड्यातला हिस्सा घ्या. वीस वर्षं जे कायद्याने मिळालं नाही ते करारात मिळालं. तोवर डीव्हीडी आली होती, १९९७ ला. ती पहिल्यापासून वीस-पंचवीस डॉलरला, घरी ठेवायची वस्तू म्हणूनच.

तारा न्यूजर्सी

धागा वाचनखुणांत टाकला. फीतकृमी, एक कामाचं विचारू? माझ्याकडे १९८५ च्या बारशाची कॅसेट आहे. पुण्याला भावाला पाठवली होती, त्याच्या व्हीसीआरवर चाललीच नव्हती, नुसती लोळण. इतक्या वर्षांनी काही होईल का?

फीतकृमी

ताई, तुमची कॅसेट अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची, भावाचं मशीन इकडच्या पाल पद्धतीचं. दोघं वेगळ्या भाषा बोलतात, वेगही वेगळा. कॅसेटचा दोष नाही. एनटीएससी चालवणारं मशीन असलेल्याकडून डिजिटल करून घ्या, आणि लवकर घ्या. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका.

पाहुणे, तुम्हालाही तेच सांगतो. ती वाकडी कॅसेट टाकू नका. उन्हात आधी वाकतो तो प्लास्टिकचा डबा. आतली फीत पॉलिएस्टरची असते, गाडीतल्या उन्हाने तिला सहसा काही होत नाही. उलटी करा, खाली पाच स्क्रू दिसतील, साधे फुलीचे. ते काढा, दोन्ही चकत्या फितीसकट अलगद उचला आणि दुसऱ्या कुठल्याही जुन्या कॅसेटच्या डब्यात बसवा. फीत कुठून कशी वळते ते आधी फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे नवी पोरं पहिल्या दिवशी हेच शिकायची.

पेठेतला पाहुणा

दहा मिनिटांचं?

म्हणजे १९८६ साली पाच डॉलरची कोरी कॅसेट आणून, तिच्या डब्यात हे चढवून, संध्याकाळी दुकानात परत केली असती तर चाललं असतं?

फीतकृमी

वरचं लेबल वाफेवर काढून चिकटवावं लागलं असतं. बाकी कुणाला कळलं नसतं.

पेठेतला पाहुणा

मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करत होतो मी. स्क्रूड्रायव्हरचा अख्खा संच होता खोलीत.

मावशीबाई

अरेरे.

पेठेतला पाहुणा

आत्ता उघडली. चार स्क्रू निघाले, पाचवा झिजलाय, फिरत नाही. उद्या बोहरी आळीतून चांगला ड्रायव्हर आणतो. फट पडली तेवढ्यातून टॉर्च मारून बघितलं, फीत एकदम तुळतुळीत दिसतेय. आणि ताराताई, फीत पूर्ण डावीकडच्या चकतीवर गुंडाळलेली आहे. रिवाइंड केली होती मी.

तारा न्यूजर्सी

सिनेमा कुठला???